कादंबरीकारानं आत्मकथन लिहायला घेतलं, तर घडलेलं आणि रचलेलं वेगळं कसं करायचं?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. तीन कादंबऱ्या छापून झाल्यात, तिन्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावावर. आता आत्मकथन हाती घेतलंय, काळ साधारण १९६२ ते १९९०. पहिली चाळीस पानं वाचायला दिली तर उत्तर आलं, 'चौथी कादंबरी मस्त जमतेय.' म्हणजे तास वाकडं चाललंय.

अडचणी नेमक्या सांगतो. पहिल्या कादंबरीत कडब्याच्या गंजीला आग लागते. तो प्रसंग अर्धा घडलेला, अर्धा रचलेला आहे. आज आठवायला बसलं की कादंबरीतलीच आग डोळ्यांपुढं येते, मूळची सापडत नाही. दुसरं, गावातली माणसं खऱ्या नावानं घ्यावीत का, आणि भाऊबंदकीचा भाग आला की काय करावं? तिसरं, संवाद. पन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं अवतरणचिन्हांत टाकायचं कसं, आणि त्यात वऱ्हाडी किती ठेवायची? शेवटचं म्हणजे कामाचा क्रम. आधी लिहून मग तपासायचं, की आधी तपासायचं? 'मनापासून लिहा, जमेल' एवढं सोडून काहीही सांगा.

टाकदौत

दादा, शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीचं सगळं त्यावर टेकलेलं आहे. आधी तपासणी, मग लेखन. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर उलटं सांगितलं असतं: भडाभडा लिहून काढा, निवडायचं नंतर बघू. कादंबरीकाराला ते परवडत नाही.

कारण असं. आठवण दरवेळी काढली की ती डोक्यात पुन्हा नव्यानं ठेवली जाते, आणि ठेवताना शेवटच्या वेळी सांगितली तशी ठेवली जाते. इतर लोक एखादा प्रसंग लग्नाकार्यात चार वेळा सांगतात. तुम्ही तोच कच्चा खर्डा, पक्का खर्डा, पहिलं मुद्रित, दुसरं मुद्रित असा दहा-बारा वेळा घासलेला आहे, आणि दरवेळी तो जास्त चांगला केला आहे. इतक्या सारवणांखालची भुई दिसणार कशी? तेव्हा तुमच्या आयुष्याचा सगळ्यात कच्चा साक्षीदार तुमची स्वतःचीच कादंबरी आहे, असं धरून चला.

करायचं काय? तिन्ही कादंबऱ्यांची एकेक प्रत खरडायला काढा. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या: घडलेलं हिरवं, ऐकलेलं निळं, रचलेलं लाल. रंग प्रसंगाला द्यायचा नाही, तपशिलाला द्यायचा. चूक इथंच होते. 'आग लागली, हे घडलेलं' म्हणून अख्खं प्रकरण हिरवं करून माणूस मोकळा होतो. आग हिरवी असेल; पण ती रात्री लागली की भर दुपारी, गंजीजवळ बैल बांधला होता का, दावं कुणी कापलं, वारा कुठून होता, विझवायला पाणी कुठल्या विहिरीचं, आणि आग विझल्यावर बाप काय बोलला, हे सहा तपशील वेगवेगळ्या रंगांचे निघू शकतात. ज्याचा रंग ठरत नाही त्याखाली काहीच ओढू नका, कोरं सोडा. पहिल्या फेरीत एकही कोरं राहिलं नाही, तर फेरी पुन्हा करा. तुम्ही स्वतःला फसवलं आहे. रोज पंधरा-वीस पानांच्या वर जाऊ नका. थकलेला हात सगळं हिरवं करत सुटतो.

त्यानंतर एक आडवी खतावणी घाला. एका ओळीत एकच तपशील. रकाने पाच: काय, कधी, तेव्हा कोण हजर, पुरावा कुठला, आणि कादंबरीत कुठल्या पानावर. शेवटचा रकाना कंटाळवाणा आहे, पण पुढं तोच वाचवतो. छापलेलं आणि आत्मकथन यांत फरक पडला की वाचक पत्र लिहितोच.

रचलेल्या तपशिलाच्या खुणा असतात. तो वेळेवर येतो: माणूस मेला आणि नेमका पाऊस सुरू झाला. तो बोलका असतो, म्हणजे प्रसंगाचा अर्थ सांगतो. त्याला शेवट असतो. खरी आठवण बहुतेक वेळा मधेच तुटते आणि तिच्यात एखादी निरुपयोगी वस्तू असते, जिचं कथानकात काही काम नसतं. स्वतःला बाहेरून पाहत असल्यासारखी आठवण आली तर ती खोटीच असं नाही, जुन्या आठवणी अशा होतात. पण ती एखाद्या फोटोवरून किंवा स्वतःच्याच पानावरून आली आहे का, एवढं तपासा.

कोऱ्या राहिलेल्यांसाठी एक चाचणी आहे. कादंबरी न उघडता तो प्रसंग दीडशे शब्दांत लिहा, आणि तेव्हाच्या वयाच्या उंचीवरूनच लिहा. नऊ वर्षांच्या पोराला गर्दीत मोठ्यांचे पाय आणि पाठी दिसतात, चेहरे नाही. लिहिलेला कागद दहा दिवस बाजूला ठेवा, न बघता पुन्हा लिहा, मग दोन्ही समोर घ्या. दोन्हींत तपशील तेच आणि वाक्यं वेगळी, तर आठवण असण्याची शक्यता बरी. वाक्यंच्या वाक्यं जुळली, तर ती तुमची शैली पाठ झालेली आहे. आठवण त्याच शब्दांत परत येत नसते.

एवढं करूनही आग सापडली नाही, तर सापडली नाही असंच लिहा. कादंबरीत काय लिहिलं होतं, आणि त्यातलं आज खात्रीनं किती सांगता येतं. हे अख्ख्या पुस्तकात एकदा, फार तर दोनदा करा. दर प्रकरणात केलं की वाचकाला ते नखरे वाटतात.

पटवारीदप्तर

कागदांबद्दल. यवतमाळ वऱ्हाडात येतं, म्हणून पहिली सूचना: मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारा गावमालक, आणू नका. वर्धा नदीच्या पलीकडं, वर्धा-नागपूर-भंडारा-चांद्याकडं, मालगुजारी होती आणि ती १९५१ मध्ये गेली. नदीच्या अलीकडं रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. पाटील, देशमुख, आणि यवतमाळच्या काही भागात इजारदारांची गावं. कादंबरीत हे मिसळलं तरी खपून जातं. आत्मकथनात जिल्ह्यातला पहिलाच वाचक बोट ठेवेल.

सातबारा आणि आठ-अ सगळेच काढतात. तुमच्या कामाचा खरा कागद फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. वाटणी, खरेदी, वारस, बोजा, सगळ्यांची ओळ तिथं क्रमांकानं असते. सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले आकडे हे फेरफाराचे क्रमांक. एकेक धरून मागं मागं जा. विदर्भात त्याच्याही मागं १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कुणाच्या नावे होती याची नोंद, आहे. तिथून सुरुवात केली की नावांची आणि जमिनीची साखळी लागते. बरेच जुने कागद आता स्कॅन होऊन महाभूमी या सरकारी संकेतस्थळाच्या 'आपले अभिलेख'वर आहेत, नाही सापडले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. खरेदीखतं शोधायची तर दुय्यम निबंधकाकडची सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांची यादी, कुणालाही पाहता येते, शुल्क भरून.

इथं एक मोठा खड्डा आहे. फेरफाराची तारीख ही नोंदीची तारीख, घटनेची नव्हे. वाटणी तोंडी होते, धुरे पडतात, दोन चुली होतात, आणि नोंद आठ-दहा वर्षांनी कर्ज काढायची वेळ आली की होते. वारस नोंदीचंही तेच. 'फेरफार १९७४ चा, म्हणजे काका १९७४ ला वेगळे झाले' असं लिहिलं की पुढचं सगळं वर्षांच्या हिशेबात चुकतं. कागद सांगतो की या तारखेनंतर घडलेलं नाही. आधी किती, हे माणसांनाच विचारावं लागतं.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणाल तेव्हा जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. १ जुलै ही निम्म्या गावाची जन्मतारीख असते. हेडमास्तरांनी वय अंदाजून टाकलेली. खरी तारीख हवी तर कोतवाल बुक, गाव नमुना चौदा. त्यात जन्म-मृत्यूची नोंद असते आणि मृत्यूचं कारणही लिहिलेलं असतं. मात्र जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतं. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव, एवढंच.

वीज, पोस्ट, शाळा, सडक गावात कधी आली, यासाठी जिल्हा जनगणना पुस्तिका बघा. १९६१, १९७१ आणि १९८१ च्या पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि त्यांत गाववार सोयींचे तक्ते आहेत. १९७१ च्या तक्त्यात गावापुढं वीज नसेल, तर १९६८ च्या प्रकरणातला बल्ब काढून कंदील लावा.

तारखा बांधायला काही खुंट्या. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून, पण बोलण्यात चार आणे, आठ आणे पुढं कितीतरी वर्षं चालले. तेव्हा हिशेबात पैसे, संवादात आणे. किलो-क्विंटल १९६२ पासून सक्तीचे. कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारी योजनेतच विकायचा, १९७२ मध्ये आली, म्हणजे त्याआधीच्या प्रकरणात 'फेडरेशनचा चुकारा' (विकलेल्या कापसाचे पैसे) नको. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं. चांदा जिल्हा चंद्रपूर झाला १९६४ मध्ये. गडचिरोली १९८२, वाशीम १९९८, गोंदिया १९९९. तुमच्या काळात वाशीमचा माणूस 'अकोला जिल्हा'च म्हणणार.

सणावरून दिवस काढताना अधिक मास बघा. पोळा श्रावण अमावस्येचा. १९६६ आणि १९८५ ला अधिक श्रावण होता, त्या वर्षी पोळा सप्टेंबरच्या मध्यावर गेला. 'पोळ्याला पऱ्हाटी (कपाशीचं झाड) गुडघ्याला लागली होती' हे वाक्य त्या दोन वर्षांत वेगळ्याच उंचीचं होईल. जुन्या उताऱ्यांवर एकर-गुंठे, नंतरच्यांवर हेक्टर-आर: १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, १ एकर म्हणजे ४० गुंठे. बापाच्या तोंडी मात्र एकरच ठेवा.

आगीच्या पंचनाम्याच्या मागं लागू नका. असे कागद कायम जपायच्या वर्गात नसतात, केव्हाच नष्ट झाले असतील.

बंडीवाला

राजेहो, कागदाचं झालं, आता मानसाचं आयका. म्हाताऱ्या मानसाले 'आग कशी लागली होती' असं थेट इचारू नोका. तो तुमाले तुमचीच कादंबरी सांगन. गावात चार जनांनी पुस्तक वाचलं असते, बाकीच्याइनं आयकलं असते, आन् आता थेच खरं होऊन बसलं.

पयले वस्तू इचारा. त्या साली बैल कोनते होते? कडबा कोनाकून आनला होता? सालदार कोन होता, त्याचं साल कितीचं होतं? त्या राती चुलीवर काय शिजलं होतं? मानूस वस्तू आठवता आठवता दिवसावर येते. मंग तोच सांगते, 'थांब, बैल तर त्या साली इकले होते.' झालं, तुमच्या पानावरचा बैल गेला.

दुसरं, पारावर चार म्हातारे बसले असताना इचारू नोका. पयला जे बोलला थेच बाकीचे बोलते. एकेकाच्या घरी जा, आन् आपलं तोंड आधी उघडू नोका. तुमी लेखक, मोठे मानूस. तुमी म्हनलं 'रातीची येळ होती', तर थो 'हो बाप्पा, रातच होती' म्हनून मोकया होईन. मोबाईल चालू ठेवा, पन इचारून ठेवा. पाऊन घंट्याच्या वर बसवू नोका. आन् बायाले अलग इचारा. मानसं जमिनीचं सांगते, बाया कोन कोनाशी बोलत नोयतं थे सांगते. तुमाले दुसरंच जास्त लागते.

रिद्धपूरवाट

बंडीवाल्या भाऊंच्या मुद्द्याला जोड. दोन माणसांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला तर काय करायचं, याचं उत्तर आपल्याच अमरावती जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी दिलेलं आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी, म्हणजे चक्रधर स्वामींच्या आठवणींच्या ग्रंथासाठी, स्वामींच्या सहवासातल्या माणसांकडं जाऊन आठवणी गोळा केल्या, आणि आठवणींत फरक आला तिथं तो फरकही परंपरेनं टिपून ठेवला. त्याला 'वासना' म्हणतात. गुळगुळीत एकच कथा करायचा मोह तिथं आवरलेला दिसतो. लीळा आखूडही आहेत: जागा, माणूस, बोलणं, संपलं. कादंबरीच्या सवयीवर याच्यासारखा उतारा नाही. रोज पाच लीळा वाचून मग लिहायला बसावं.

काळाकोट

नावांचं बघू. नाव बदललं म्हणजे सुटलो, हा गैरसमज पहिल्यांदा काढून टाका. बदनामीत प्रश्न नावाचा नसतो, ओळखीचा असतो. आठशे उंबऱ्यांच्या गावात 'देवळामागचा लंगडा शिंपी' लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे. कादंबरीला 'सर्व पात्रं काल्पनिक' ही पाटी निदान बचावाला पुढं करता येते. आत्मकथनावर तुम्ही स्वतःच लिहून देता की हे घडलेलं आहे, म्हणजे ती वाट बंद. मुखपृष्ठावर 'आत्मकथनात्मक कादंबरी' छापून दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा सल्ला काही जण देतात. त्यानं कायद्यात फारसं काही मिळत नाही आणि वाचकाचा विश्वास मात्र जातो.

तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. आधी ती दंड संहितेच्या ४९९-५०० मध्ये होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा आता समाजसेवा. लोक विसरतात ते असं: नुसतं 'खरं आहे' एवढा फौजदारी बचाव पुरत नाही. खरं असावं आणि ते छापणं लोकहिताचं असावं, दोन्ही लागतं. मेलेल्या माणसाबद्दल काहीही लिहिता येतं हाही भ्रम आहे. जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती, आणि लिहिण्याचा उद्देश कुटुंबीयांना दुखवण्याचा होता, असं दिसलं तर तेही कलमात येतं. दिवाणी दावा करायचा तर प्रसिद्धीपासून एका वर्षात करावा लागतो.

खासगीपणाचं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालाप्रमाणं न्यायालयाच्या किंवा इतर सार्वजनिक दप्तरात जे आहे त्याच्या आधारे संमतीशिवाय लिहिता येतं. म्हणून भाऊबंदकी लिहायची तर तोंडी भांडणावरून लिहू नका. दाव्याचा निकाल, फेरफार, खरेदीखत यांची नक्कल काढा आणि त्यात जेवढं आहे तेवढंच ठामपणे लिहा. 'त्यानं जमीन बळकावली' हा आरोप झाला. 'अमुक तारखेच्या फेरफारानं चार एकर त्याच्या नावे झाले, त्यानंतर आमच्याकडं दोन राहिले' ही नोंद झाली. आणि खरं सांगू, दुसरं वाक्य जास्त लागतं.

ओळख झाकायचीच असेल तर एकाच वेळी तीन गोष्टी हलवा: नाव, धंदा किंवा नातं, आणि काळ किंवा गाव. पण जात आणि बाईमाणूस-पुरुषमाणूस हे हलवू नका. आपल्या गावात जात बदलली की प्रसंगाचा अर्थच बदलतो, आणि तो खोटेपणा ठरतो. काय बदललं आहे ते पुस्तकाच्या सुरुवातीला चार ओळींत सांगून टाका. कुणाचं, ते सांगायचं नाही. दोन-तीन माणसांची मिळून एक व्यक्तिरेखा करायची कादंबरीतली युक्ती मात्र इथं नको. एकाची चूक दुसऱ्याच्या माथी जाते, आणि दोघांचीही घरं दारात येतात.

चार गोष्टी वकिलाला दाखवल्याशिवाय छापू नका: लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख पटेल असा कुठलाही तपशील, अल्पवयीन मुलांबद्दलचं काहीही, पात्राच्या तोंडची जातिवाचक शिवी, आणि अजून कोर्टात चालू असलेलं प्रकरण. प्रकाशकाच्या करारात बदनामीची जबाबदारी लेखकावर टाकणारं कलम बहुतेक असतं, ते वाचून सही करा.

पत्रं: तुम्हाला आलेलं पत्र हा कागद तुमचा, त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा. अख्खं पत्र छापायचं तर लेखी परवानगी. पत्रातली माहिती स्वतःच्या शब्दांत सांगायला अडचण नाही. फोटोंचं उलट आहे: पैसे देऊन स्टुडिओत काढवलेल्या फोटोचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काढवणाऱ्याचा, दुसऱ्यानं हौसेनं काढलेला फोटो काढणाऱ्याचा.

धुऱ्यावरचा

भरपूर मिळालं. काळाकोट साहेब, पण घरातलंच एक माणूस 'माझं काही लिहू नको' म्हणत असेल तर? आणि संवादाचं कुणीच घेतलं नाही.

काळाकोट

घरच्यांना छापायच्या आधी दाखवा, पण अख्खं हस्तलिखित देऊ नका. ज्या पानांवर ते आहेत तेवढीच द्या, आणि 'कसं वाटलं' विचारू नका. 'तपशील कुठं चुकला' एवढंच विचारा. पहिल्या प्रश्नाला भांडण उत्तर येतं, दुसऱ्याला दुरुस्ती. तरीही नकोच म्हणाले, तर त्यांच्याशिवाय प्रसंग उभा राहतो का, पाहा. बऱ्याचदा राहतो.

मुद्रितवाली

संवाद माझ्याकडं द्या. साधा नियम असा: अवतरणचिन्ह म्हणजे हमी. घरात वारंवार बोलली जाणारी वाक्यं, म्हणी, शिव्या, हाका, ज्या शंभर वेळा ऐकल्यात, त्या चिन्हांत टाका. एकदाच ऐकलेलं लांब बोलणं चिन्हांत नको. 'बाप म्हणाला की औंदा कर्ज नको' असं अप्रत्यक्ष करा. चाळीस पानांत आत्ता किती अवतरणं आहेत ती मोजा. कादंबरीकाराच्या पहिल्या खर्ड्यात पानामागं पाच-सहा सहज असतात. ती एकावर आणलीत की मजकुराचा आवाज आपोआप बदलतो.

मराठीत खात्रीच्या पायऱ्या क्रियापदातच आहेत, त्या वापरा. 'आग लागली' हे पाहिलेलं. 'आग लागली म्हणे' हे ऐकलेलं. 'आग लागली असावी' हा अंदाज. 'आग लागलेली आठवते' म्हणजे आठवण आहे, पण तिच्या कडा पक्क्या नाहीत. एवढी सोय असताना 'कदाचित', 'बहुधा', 'मला पुसटसं आठवतं' यांची भर कशाला घालायची? वर टाकदौतांनी सांगितलेले तीन रंग आहेत ना, ते वाक्यात असे उतरतात. मुद्रितं तपासताना हिरव्या तपशिलाला 'म्हणे' लागलेलं किंवा निळ्याचं साधं 'झालं' झालेलं दिसलं की अडायचं.

दुसरी सवय 'जायचो'चं 'गेलो' करण्याची. दर बुधवारी बाजाराला जायचो, ही रीत. कादंबरीकार त्यातून 'एका बुधवारी बाजाराला गेलो' असा प्रसंग उभारतो आणि दहा वर्षांच्या बाजारांतला माल त्या एका दिवसात भरतो. आत्मकथनात रीत ही रीत म्हणूनच लिहा. एका प्रकरणात खरा घडलेला प्रसंग एक किंवा दोन, बाकी रीत आणि हिशेब. सालदाराला सालाचे पैसे किती, ज्वारी किती, कपडे किती, घोंगडं आणि जोडा कधी मिळायचा, हे सरळ हिशेबात दिलं की पानभर वर्णनाचं काम होतं.

काढून टाकायचं ते असं: 'तेव्हा कुठं ठाऊक होतं की' ने सुरू होणारी सगळी वाक्यं, प्रकरणाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवणारं वाक्य, आणि दुसऱ्याच्या मनात शिरणं. 'आईला वाटलं' खोडा. आईनं काय केलं ते ठेवा: चूल सारवायची थांबवली, पोतेरं तसंच हातात. हे दिसलं होतं का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

'मी' दोन आहेत, हे वाक्यावाक्यात सांभाळावं लागतं. एक तेव्हाचं पोर, दुसरा आज लिहिणारा. पोराच्या तोंडी आजची अक्कल गेली की तो कादंबरीचा नायक होतो. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू आणि लिहिता झालेला पवार असे दोन आवाज समोरासमोरच ठेवले. तुम्ही तसंच करावं असं नाही, ते त्यांचं झालं. साधा उपाय म्हणजे आजच्या माणसाचं भाष्य वेगळ्या परिच्छेदात, वर्तमानकाळात, दोन-चार ओळींत.

वऱ्हाडी: निवेदन प्रमाण, बोलणं वऱ्हाडी, ही वाटणी चालते, पण एकदा ठरवली की मोडू नका. लेखनाची एक पानभर यादी आधी करा. 'ला'चं 'ले', 'नाही'चं 'नाई', 'ळ'चा 'य' (डोया, काया) करणार की फक्त काही शब्दांत, हे लिहून ठेवा. नाहीतर एकच माणूस पान २० वर 'डोळा' आणि पान २२ वर 'डोया' म्हणतो. पुण्याकडचा मुद्रितशोधक एक चूक हमखास करतो: आपल्याकडं 'तो येईन', 'पाऊस होईन' हे तृतीयपुरुषी आहे, तो त्याचं 'येईल', 'होईल' करून ठेवतो किंवा वाक्य 'मी'चं समजतो. हस्तलिखिताच्या वर लाल शाईनं सूचना लिहा. भंडारा-गोंदियाकडचं माणूस आलं तर त्याला वऱ्हाडी बोलायला लावू नका. झाडीबोलीत 'ळ' 'र'कडं जातो, डोळ्याचा डोरा होतो. शेवटी शब्दार्थांची यादी जोडू नये, असं माझं मत. धुरा, वखर, डवरणी, कुटार हे शब्द पहिल्यांदा येतील तिथं हाताला काम द्या, अर्थ आपसूक कळतो.

आकार: डेमी पानावर मराठीचे साधारण २५० ते २७५ शब्द बसतात, फॉर्म सोळा पानांचा. १९२ पानं म्हणजे १२ फॉर्म, सुरुवातीची पानं सोडली तर सुमारे ४५ ते ५० हजार शब्द. तुमच्या अठ्ठावीस वर्षांना तेवढे पुरतात. १९६२ ते १९९० प्रत्येक वर्ष घ्यायलाच हवं असं कुणी सांगितलंय? तीन वर्षांवर साठ पानं आणि दहा वर्षांवर एक ओळ, हेही चालतं.

टाकदौत

क्रमाचं राहिलं होतं. गावाच्या वेळेप्रमाणं लावा. रंगांचं काम पावसाळ्यात, घरात बसून. वेचणी सुरू झाली की माणसं सापडत नाहीत, म्हणून मुलाखती चैत-वैशाखात. उन्हाचं कुणी वावरात जात नाही, दुपारी ओसरीवर सगळे भेटतात. मार्चमध्ये तलाठ्याकडं जाऊ नका, वसुलीचा महिना असतो. शाळेचं रजिस्टर जुलै-ऑगस्टमध्ये मागा. मे महिन्यात शाळेला कुलूप, आणि आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटीच उघडतात. खतावणीच्या निम्म्या ओळींना पुराव्याचा रकाना भरला की लिहायला लागा, सगळ्या भरायची वाट बघितली तर पुस्तक व्हायचं नाही. आणि झालेली चाळीस पानं फाडू नका. त्यांनाही तेच तीन रंग लावा.

पटवारीदप्तर

नकलेचा अर्ज करताना गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही लिहा. जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदललेले असतात, नुसत्या गट नंबरावर जुना फेरफार सापडत नाही.